एम१ मॅकबुक एअर: पाच वर्षांनंतरचा सविस्तर रिव्ह्यू

ॲपलच्या स्वतःच्या दुकानातून हा लॅपटॉप मार्च २०२४ मध्येच गेला, एम३ वाला एअर आला तेव्हा (एम१, एम२, एम३ ही ॲपलच्या स्वतःच्या चिपची नावं). तरी आत्ता लिहितोय, कारण एक तर जुने, रिफर्बिश्ड एम१ एअर अजून भरपूर फिरतायत आणि कुणी ना कुणी विचारतंच की घेऊ का, अजून चालेल का. आणि दुसरं म्हणजे या मशीनबद्दल जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक २०२० च्या नोव्हेंबरात, घाईघाईत, बेंचमार्कचे म्हणजे वेग मोजायच्या चाचण्यांचे आकडे समोर ठेवून. यात नेमकं काय बदललं होतं ते कळायला नंतरची वर्षं जावी लागली. कॉम्प्युटरच्या दुनियेत अलीकडे जे मोठे टप्पे आले ना, त्यातले बरेचसे कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये किंवा लॅबमध्ये घडले, आपल्यापर्यंत फक्त बातमी आली. हा टप्पा मात्र थेट मांडीवर येऊन बसला, म्हणून मला तो इतका जवळचा वाटतो.

आधी रोजच्या वापराचं बोलू. वजन १.२९ किलो, स्क्रीन १३.३ इंची, २५६० बाय १६००, ब्राइटनेस ४०० निट्स, म्हणजे घरात भरपूर आणि उन्हात कमी. कीबोर्ड चांगला आहे, आधीच्या काही मॉडेलमधला तो बटरफ्लाय कीबोर्ड यात नाही, त्यामुळे बटणं अडकायची भीती नाही. ट्रॅकपॅडबद्दल काय बोलायचं, उत्तमच. पण पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला जे जाणवतं ते यातलं काहीच नाही. जाणवतं ते हे की याला आवाज नाही. आत फॅनच बसवलेला नाही, चिपची उष्णता पसरवायला ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे, बस. पंचवीस टॅब उघडा, सोबत व्हिडिओ कॉल चालू ठेवा, मागे फोटोंचा एक्स्पोर्ट लावा, तरी मशीन गप्प आणि मांडीला चटका नाही.

आता गंमत बघा. मार्च २०२० मध्ये इंटेल प्रोसेसरवाला मॅकबुक एअर आला होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हा एम१ वाला. बाहेरून दोन्ही जवळजवळ जुळे. बॉडी तीच, बॅटरीसुद्धा तेवढीच, ४९.९ वॉट-अवर. इंटेलवाल्यात फॅन होता आणि कंपनीचा दावा होता वायफायवर ११ तास ब्राउझिंग, १२ तास व्हिडिओ. एम१ मध्ये फॅन काढला आणि दावा झाला १५ तास आणि १८ तास. वेग कमी झाला असता तर समजू शकलो असतो, पण एका कोअरवरचं (चिपमधल्या काम करणाऱ्या एका भागावरचं) काम पाहिलं तर हा फॅनशिवायचा, तेव्हा विक्रीत असलेला सगळ्यात हलका मॅक तोपर्यंतच्या सगळ्या इंटेल मॅकच्या पुढे गेला, डेस्कटॉपसकट. एकाच वर्षात एकाच डब्यात फक्त काळीज बदललं आणि इतका फरक पडला. एखादा इंजिनिअर प्रयोग म्हणून करेल तशी ही तुलना आपल्याला आयती मिळाली, आणि म्हणूनच मी याला नुसता चांगला लॅपटॉप म्हणून सोडत नाही.

हे का झालं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट मांडली होती की ट्रान्झिस्टर (चिपमधला वीज चालू-बंद करणारा इवलासा स्विच) लहान करत गेलं तर त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली आणता येतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले, जास्त वेगाने चालवले तरी उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं हे चाललं आणि म्हणूनच मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झचे आकडे दरवर्षी वाढत होते. २००५ च्या आसपास हे थांबलं, कारण व्होल्टेज आणखी खाली नेलं की ट्रान्झिस्टर नीट बंदच होईना, वीज गळायला लागली. इंटेलने पेंटियम ४ च्या पुढची टेजस नावाची चिप मे २००४ मध्ये रद्द केली ती याच विजेच्या आणि उष्णतेच्या भानगडीत. तेव्हापासून चिपचं घड्याळ, म्हणजे तिचा वेग, तीन-चार गिगाहर्ट्झला जे अडकलं ते बराच काळ तिथेच रेंगाळलं. खरा प्रश्न तेव्हाच बदलला होता, एका वॉटमध्ये किती काम होतं हा तो प्रश्न, पण लॅपटॉप विकणारे आणि घेणारे दोघंही गिगाहर्ट्झच बघत बसले.

या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच तयार होतं, आणि ते जवळजवळ अपघाताने तयार झालं होतं. ब्रिटनमधल्या केंब्रिजची एकॉर्न नावाची छोटी कंपनी, बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर बनवणारी. तिथे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम नावाचा नवीन प्रोसेसर डिझाइन केला. पैसे कमी म्हणून चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या पॅकेजमध्ये बसवायची होती आणि त्यासाठी वीज एका वॉटच्या आत हवी होती. २६ एप्रिल १९८५ ला पहिला एआरएम१ हातात आला, सुरूही झाला. फर्बरनी वीज मोजायला मीटर लावला तर मीटर शून्य दाखवतोय! शोधल्यावर कळलं की बोर्डवर चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता, बाजूच्या सर्किटमधून येणाऱ्या सिग्नलच्या तारांमधून जी थोडीशी वीज झिरपत होती तेवढ्यावर ती चालली होती. एक वॉटचं उद्दिष्ट होतं आणि प्रत्यक्षात साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं. या चिपमध्ये ट्रान्झिस्टर होते साधारण २५,०००. एम१ मध्ये आहेत १,६०० कोटी. पण घराणं तेच, एआरएमचं. कॉम्प्युटरच्या इतिहासातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, काटकसरीतून जन्मलेला गुण पस्तीस वर्षांनी सगळ्यांच्या कामी आला.

ॲपल यात उगाच उपटलेली नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये एआरएम ही वेगळी कंपनी झाली तेव्हा एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी अशी तिघांची भागीदारी होती, आणि ॲपलच्या १९९३ च्या न्यूटन या हातात धरायच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये एआरएमचाच प्रोसेसर होता. न्यूटन चाललं नाही. मग २००८ मध्ये ॲपलने पीए सेमी ही चिप डिझाइन करणारी कंपनी विकत घेतली, २०१० मध्ये स्वतःची ए४ चिप, २०१३ मध्ये ए७, जी फोनमधली पहिली ६४ बिट एआरएम चिप होती. फोनमध्ये फॅन लावता येत नाही, बॅटरी इवलीशी, त्यामुळे तिथे वॉट वाचवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. म्हणजे दहा वर्षं त्यांची टीम ज्या शाळेत शिकली तिथे परीक्षेचा विषय एकच होता, कमी विजेत जास्त काम.

आणि मग २२ जून २०२०. त्या दिवशी टिम कुक यांनी जाहीर केलं की मॅक इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जाणार, साधारण दोन वर्षांत. त्याच दिवशी जगातल्या सुपरकॉम्प्युटरची टॉप ५०० यादी आली आणि पहिल्या नंबरवर होता जपानमधल्या कोबेचा फुगाकू, वेग ४१५ पेटाफ्लॉप्सच्या वर (सुपरकॉम्प्युटरचा वेग मोजायचं हे माप), आणि तोसुद्धा एआरएमवर, फुजित्सूच्या ए६४एफएक्स चिपवर. एआरएमवर चालणारा पहिल्या नंबरवर येण्याची ही पहिलीच वेळ. एका टोकाला जगातलं सगळ्यात ताकदवान मशीन आणि दुसऱ्या टोकाला मांडीवरचा लॅपटॉप, दोन्ही बातम्या एकाच तारखेच्या. ‘एआरएम म्हणजे फोनची चिप’ हे म्हणणं खरं तर त्याच दिवशी संपायला हवं होतं, पण लोकांना पटलं ते नोव्हेंबरात हे मशीन हातात पडल्यावर.

चिपमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. चार मोठे कोअर, चार छोटे. मेल, गाणी, मागे चालणारी किरकोळ कामं छोट्यांवर जातात आणि ते फार कमी विजेत ती उरकतात, जड काम आलं की मोठे उठतात. ग्राफिक्सचे सात किंवा आठ कोअर, आणि न्यूरल इंजिनचे (एआयची गणितं करणाऱ्या भागाचे) सोळा. तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रोसेसवर बनलेली, आणि हाही भाग मोठा आहे, सगळं श्रेय डिझाइनला देऊन चालणार नाही, इंटेल तेव्हा कारखान्यातच मागे पडली होती. पण डिझाइनमधली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. इंटेलच्या एक्स८६ पद्धतीत प्रोसेसरला दिलेली एक सूचना एक बाइटची असू शकते नाहीतर थेट पंधरा बाइटची, त्यामुळे पुढची सूचना कुठे सुरू होते हे शोधण्यातच चिपची शक्ती जाते. ६४ बिट एआरएममध्ये प्रत्येक सूचना बरोब्बर चार बाइटची. त्यामुळे एम१ चा मोठा कोअर एकदम आठ सूचना उलगडायला घेतो, आणि म्हणून ३.२ गिगाहर्ट्झ इतक्या बेताच्या वेगातही तो काम भराभर उरकतो.

आता रोझेटा २, म्हणजे इंटेल मॅकचे प्रोग्रॅम या चिपवर चालवणारं ॲपलचं सॉफ्टवेअर. माझ्या मते खरी कमाल इथे आहे आणि तिचं पुरेसं कौतुक कधी झालंच नाही. प्रोसेसरची जात बदलली की जुने प्रोग्रॅम चालत नाहीत, हा कॉम्प्युटरच्या इतिहासातला जुना घाव आहे, कितीतरी चांगल्या चिप याच कारणाने मेल्या. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस आरटी हा टॅबलेट काढला, एआरएमवरच, पण त्यावर विंडोजचे नेहमीचे प्रोग्रॅम चालत नव्हते आणि तो तिथेच संपला. एम१ वर मात्र इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम टाकला की रोझेटा आधीच त्याचं बहुतेक सगळं मशीन कोड एआरएममध्ये बदलून ठेवते, चालवताना दर वेळी दुभाष्या लागत नाही. शिवाय चिपमध्येच एक सोय केलीये. दोन कोअर एकाच मेमरीत लिहितात तेव्हा कुठलं लिखाण आधी दिसायला हवं याचे इंटेलचे नियम कडक आहेत, एआरएमचे सैल. सॉफ्टवेअरमध्ये हे सांभाळायला गेलं की प्रोग्रॅम फारच हळू होतो. ॲपलने एम१ मध्ये एक स्विच ठेवला, रोझेटाचा प्रोग्रॅम चालू असताना चिप मेमरीच्या बाबतीत इंटेलसारखी वागते. जुन्या सॉफ्टवेअरची लाज राखायला हार्डवेअरमध्ये जागा करून ठेवली, हे करायला दूरदृष्टी लागते. परिणाम असा की काही जुने प्रोग्रॅम भाषांतर होऊनही इंटेल मॅकपेक्षा वेगात चालले, आणि बहुतेकांना आपण भाषांतरित काहीतरी वापरतोय याचा पत्ताही नव्हता.

सगळं चाललं असं नाही हां. बूट कॅम्प गेलं, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय संपली. इंटेलसाठीच्या व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवण्याची सोय) रोझेटात चालत नाहीत. इंटेलच्या एव्हीएक्स नावाच्या खास सूचना वापरणारे काही जड प्रोग्रॅम कित्येक वर्षं अडले, ती सोय आली २०२४ च्या मॅकओएस सेकोयामध्ये. डेव्हलपर मंडळींनी सुरुवातीचे महिने बरेच हाल काढले, डॉकर या डेव्हलपरांच्या नेहमीच्या साधनाचं पक्कं व्हर्जनसुद्धा एप्रिल २०२१ मध्ये आलं. आणि लिनक्सवाल्यांचं मात्र मनापासून कौतुक, ‘असाही लिनक्स’ नावाच्या प्रकल्पातल्या लोकांनी ॲपलकडून कागदपत्रं नसताना चिपचा एकेक भाग स्वतः उलगडून यावर लिनक्स चालवून दाखवलं.

मेमरीबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण या मशीनची सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात मोठं दुखणं एकाच ठिकाणी आहे. यात रॅम वेगळी नाही, ती चिपच्या शेजारी त्याच पॅकेजमध्ये बसवलीये, आणि प्रोसेसर, ग्राफिक्स, न्यूरल इंजिन सगळे एकाच साठ्यातून घेतात. सेकंदाला जवळपास ६८ जीबी डेटा ये-जा करू शकतो. इकडचं चित्र तिकडे कॉपी करा, परत आणा हा उद्योगच नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला याचा फायदा लगेच दिसतो.

पुढे याचा असा उपयोग झाला जो २०२० मध्ये फार थोड्या लोकांच्या डोक्यात असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाने लामा हे भाषा मॉडेल संशोधकांसाठी काढलं आणि मार्चमध्ये गेओर्गी गेर्गानोव यांनी लामा डॉट सीपीपी हा प्रोग्रॅम मोकळा केला. ७०० कोटी पॅरामीटरचं (मॉडेलच्या आतल्या आकड्यांचं) मॉडेल ४ बिटमध्ये दाबून साधारण ४ जीबीत बसवलं आणि ते ॲपलच्या या चिपवर चालायला लागलं, इंटरनेट नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ज्या मॉडेलसाठी डेटा सेंटर लागतं असं सगळे समजत होते ते फॅन नसलेल्या एअरवर ओळीमागून ओळ लिहितंय हे बघणं विलक्षण होतं. फार मोठी मॉडेल यावर चालत नाहीत, आणि उत्तराला वेळ लागतो, पण स्वतःचे कागद बाहेर कुठे न पाठवता मशीनशी बोलता येणं ही गोष्ट छोटी नाही.

आणि आता दुखणं. ही रॅम कधीच वाढवता येत नाही. ८ जीबी घेतली की कायम ८, १६ घेतली की कायम १६. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, तीसुद्धा बोर्डवर सोल्डर केलेली. रॅम कमी पडली की सिस्टीम एसएसडीचा आधार घेते, ती वेगवान असल्यामुळे सुरुवातीला कळतही नाही, पण त्या एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असतात आणि ती गेली तर बदलायला बोर्डच बदलावा लागतो. २०२१ च्या सुरुवातीला अनेकांनी आपल्या एसएसडीवर जरुरीपेक्षा जास्त लिखाण होतंय म्हणून आकडे टाकले होते. ८ जीबी पुरेसे आहेत असं तेव्हा अनेक रिव्ह्यूंमध्ये आलं, मला ते पटत नाही. प्रोसेसर इतका दमदार की अजून बरीच वर्षं कामात येईल, आणि त्याच्या शेजारची ८ जीबी रॅम त्याला आत्ताच मागे खेचतेय, हे बघून खरंच वाईट वाटतं. मेमरी जवळ ठेवल्याने वीज वाचते हे मान्य, पण एसएसडी तरी सुटी ठेवता आली असती. वीज वाचवणारं मशीन दुरुस्त न करता येण्याने लवकर कचऱ्यात जाणार असेल तर ती बचत अर्धीच.

बाकीच्या उणिवा पटकन. यूएसबी-सी पोर्ट दोनच, दोन्ही डावीकडे. बाहेरचा मॉनिटर अधिकृतपणे एकच लागतो, ज्यांना दोन लागतात त्यांनी हा घेऊच नये. कॅमेरा ७२०पी, तेव्हाही जुना वाटत होता. फॅन नसल्यामुळे सलग जड काम दिलं, मोठा व्हिडिओ रेंडर वगैरे, की काही मिनिटांनी मशीन स्वतःचा वेग कमी करतं, तुमचं काम त्या प्रकारचं असेल तर फॅनवाला मॅकबुक प्रो बघा. आणि सुरक्षेचं एक सांगायलाच हवं. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी गोफेच नावाचा हल्ला दाखवला. ही चिप पुढे कुठला डेटा लागेल याचा अंदाज बांधून तो आधीच आणून ठेवते, त्याच सवयीतून एन्क्रिप्शनच्या (माहिती कुलूपबंद ठेवण्याच्या) गुप्त किल्ल्या काढता येतात. दोष हार्डवेअरमध्ये असल्यामुळे एम१ च्या मोठ्या कोअरवर तो पूर्ण बंद करता येत नाही, एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरलाच काळजी घ्यावी लागते. घरी वापरणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, कारण हल्ला करायला आधी तुमच्या मशीनवर प्रोग्रॅम चालवावा लागतो, पण वेगासाठी चिपला जास्त शहाणं केलं की काय किंमत मोजावी लागते त्याचं हे ठळक उदाहरण आहे.

बाकीचे कुठल्या वाटेने गेले तेही बघण्यासारखं आहे. इंटेलने २०२१ मध्ये अल्डर लेकमध्ये मोठे-छोटे कोअर मिसळले, २०२४ च्या लुनार लेकमध्ये तर रॅमही प्रोसेसरच्या पॅकेजवर आणली. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स इलिटवाले विंडोज लॅपटॉप जून २०२४ मध्ये आले. आज कुठल्याही बऱ्या लॅपटॉपच्या जाहिरातीत बॅटरीचे तास सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात. ॲपलचं स्वतःचं स्थलांतर जून २०२३ च्या मॅक प्रोने पूर्ण झालं, दोन वर्षं म्हणता म्हणता तीन लागली.

मग आत्ता घ्यावा का? लिहिणं, वाचणं, ब्राउझिंग, कॉलेजचा अभ्यास, हलकं कोडिंग, फोटो, यासाठी १६ जीबीवाला चांगल्या अवस्थेत मिळाला तर डोळे झाकून घ्या. ८ जीबीवाला फक्त तेव्हाच घ्या जेव्हा काम खरंच हलकं आहे आणि २५६ जीबी एसएसडी अर्धी रिकामी राहणार आहे. जमत असेल तर एम२ एअर बघा, तिथे चुंबकाने चिकटणारं चार्जिंगचं मॅगसेफ परत आलं आणि कॅमेरा सुधारला, पण फॅन तिथेही नाही आणि बाहेरचा मॉनिटर तिथेही एकच. सॉफ्टवेअरच्या बाजूने, मॅकओएस टाहो ही मॅकची सिस्टीम एम१ वर चालते आणि इंटेल मॅकसाठी ती शेवटची आहे, म्हणजे जुना मॅक घ्यायचाच असेल तर इंटेलवाला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. रोझेटाही आता जायच्या वाटेवर आहे, तेव्हा एखाद्या जुन्या इंटेल प्रोग्रॅमवर तुमचं काम अडून असेल तर त्याचं एआरएम व्हर्जन आलंय का ते घ्यायच्या आधी बघून ठेवा.

विकणाऱ्यासमोरच मशीन उघडून सिस्टीम रिपोर्टमध्ये बॅटरीचा सायकल काउंट (ती किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा) बघा, ही बॅटरी १००० सायकलसाठी बनवलेली आहे, सातशे-आठशेच्या पुढे गेली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव करा. जुन्या मालकाचं अकाउंट पूर्ण काढलंय ना, ॲक्टिव्हेशन लॉक सुटलाय ना, हे तिथेच तपासा, नाहीतर पैसे गेले आणि मशीनही बंद. दोन्ही पोर्टमध्ये चार्जर लावून बघा, आणि ‘अबाउट धिस मॅक’मध्ये मेमरीसमोर १६ लिहिलंय हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.